टपावरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. डिझेल पितो, सकाळी थोडा खोकतो आणि हाक मारली की उठतो. माझ्या टपावर मधोमध एक लांब ओरखडा आहे. रंगारी कितीदा तरी म्हणाला, "मारून टाकतो की एक हात," पण माझा मालक त्याला ब्रश टेकवू देत नाही. तो ओरखडा कसा पडला, तेच आज सांगतो. जरा जवळ सरकून बसा आणि मन लावून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखेच कितीतरी भाऊ रांगेत उभे होते. कोण कुठे गेला, देव जाणे. माझ्या वाट्याला एक सुतार आला. त्याला सगळी गल्ली दादा म्हणते. दादा दारे बनवतो. खिडकी सांगितली तर तीही करील, पण नाक मुरडून. त्याचे कामाचे ठिकाण घराच्या तळमजल्यावर. वर आई, आणि दोघा भावांचे संसार. तळमजल्याचे दार मोठे होते, पण बुटके. पहिल्या दिवशी दादा मला पुढच्या तोंडाने आत घालत होता, तेव्हा त्याची बायको बाहेर उभी राहून ओरडत होती, "अहो सावकाश! टप घासेल!" टप घासला नाही. वरच्या तुळईत आणि माझ्यात जेमतेम बोट जाईल एवढी फट उरली. दादा खाली उतरला आणि मिशीत हसला. "मापातला माणूस आहे मी," म्हणाला.

किती वर्षे मी दारे वाहिली! नव्या घराला भिंती असतात, छप्पर असते, पण मी पोचेपर्यंत ते उघडेच असते. मी गेलो की मग घरातली माणसे पहिल्यांदा दार लावून पाहत, आतून एकदा, बाहेरून एकदा, आणि उगीचच हसत. एका म्हातारीने माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून "सुखी राहा बाबा" म्हटले होते. माणसाला देतात तो आशीर्वाद तिने यंत्राला दिला. मला तो अजून पुरतो आहे.

पण देह म्हटला की झीज आलीच. मी काळा धूर सोडू लागलो. चढावर दम लागू लागला. मागचे कमानपाटे, म्हणजे ज्यांच्या जोरावर मी ओझे पेलतो त्या लोखंडी पट्ट्या, पार बसून गेले. तेव्हा दादाने समोरच्या गॅरेजातल्या फिटरला बोलावले. हे दोघे लहानपणापासूनचे दोस्त. शिवी दिल्याशिवाय एकमेकांना हाक मारत नसत, आणि एकाच कपातला चहा अर्धा अर्धा पीत.

"नुसती दुरुस्ती नको," दादा म्हणाला, "नवा अवतार पाहिजे."

फिटरच्या गॅरेजात जागा नव्हती, म्हणून काम आमच्याच तळमजल्यावर सुरू झाले. त्याने नोझल धुतले, डिझेलचा पंप उघडून बसवला, फिल्टर बदलले, जुने तेल काढून नवे भरले. मग पाट्यांची पाळी आली.

"एक पाटा जास्तीचा घालू का रे? ओझं मस्त पेलेल."

"एक कशाला, दोन घाल! आणि टायरही मोठे टाक. पुढून, मागून, सगळीकडे उचल त्याला."

जुने पाटे भंगारात गेले. मी उंच झालो, ताठ झालो. सेल्फ मारताच असा उठलो की वरच्या मजल्यावरची भांडी वाजली. दादाने ऐटीत मागचा गीअर टाकला. माझा मागचा सामानाचा हौदा दारातून बाहेर पडला, उन्हाचा चटका शेपटीला लागला, आणि... ठक्! माझा टप तुळईला अडला. वीतभर उंची वाढली होती आणि ती कोणी मोजलीच नव्हती.

आधी फिटर हसला. "अरे, जन्मभर लोकांची दारं मोजलीस, आणि स्वतःचंच राहिलं होय!" मग गल्ली हसली. दादाचे तोंड लाल झाले. "पाटे कुणी घातले? तू!" "घाल कुणी म्हटलं? तू!" शब्दाला शब्द वाढला. मला ढकलून परत आत घातले, आणि त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

गवंड्याने येऊन तुळई पाहिली. "हिला हात लावायचा नाही. आईच्या खोलीची अख्खी भिंत हिच्यावर आहे. ही हलली, तर आई जिना न उतरताच खाली येतील." राहिला एकच उपाय, नवे पाटे उतरवायचे. त्यासाठी फिटरला बोलवावे लागले असते. गल्ली ती केवढी, पण दादाला ती ओलांडवेना.

मित्रांनो, चाके असून न चालणे म्हणजे काय, ते मी तेव्हा जाणले. माझ्यावर ताडपत्री पडली. तिच्यावर लाकडाचा भुसा साचत गेला. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येई, सरकत सरकत माझ्या चाकापर्यंत पोचे आणि तिथूनच मागे फिरे. मी करायचो ती कामे आता भाड्याचा टेम्पो करू लागला. दोन दारांमध्ये पोते न घालता तो ती तशीच बांधी. खडखडाट ऐकून माझा जीव कासावीस होई. पॉलिश जाईल ना रे! पण सांगणार कोणाला?

दादाला माझी माया नव्हती असे नाही. दर सुट्टीच्या दिवशी तो ताडपत्री उचले आणि माझ्यात काहीतरी नवे बसवी. कधी सीटला नवे कव्हर, कधी झगझगीत दिवे, कधी तीन सुरांचा हॉर्न. मग आत बसून इंजिन चालू करी आणि समोरच्या भिंतीकडे पाहत स्टिअरिंग धरून राही. धूर जिन्याने वर चढे आणि आई काठी आपटून ओरडत, "अरे, त्याला तरी बाहेर ने, नाहीतर मला तरी ने!" मी सजत होतो, आणि जितका सजत होतो तितका जास्त कोंडला जात होतो. कोणासाठी होते ते दिवे? भिंतीसाठी. आत एका उंदराने माझ्या वायरी कुरतडायला सुरुवात केली होती. नवे टायर एकाच जागी उभे राहून खालून चपटे होत चालले होते.

शेवटी धाकट्या भावाचा धीर सुटला. त्याची बायको शिवणकाम करते. तिला खाली यंत्रे मांडायची होती. "दादा, हा ट्रक आहे की पाहुणा? आला तो जायचं नावच घेत नाही. अख्खा निघत नसेल तर कापून निघेल. भंगारवाल्याशी बोललोय मी."

दादा रंधा मारत होता. रंधा थांबला. त्याने लाकडावरचा भुसा फुंकून टाकला. मग म्हणाला, "बोलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला लोखंड कापायचे गॅसचे नळकांडे घेऊन आला. माणूस असा भरदार, की तो दारात उभा राहिला तसा आत अंधार झाला. "ठिणग्या उडणार," तो म्हणाला, "आधी हे लाकूड हलवा."

भिंतीशी तयार दारे टेकून ठेवली होती, जाड, भारी. दादाने एक उचलले. वळला. आणि काय सांगू, त्याच्या हातांना दार कुठे ठेवायचे ते एकच ठिकाण ठाऊक! ते माझ्या हौद्यात आले. वर पोते आले. मग दुसरे दार, परत पोते. एकामागून एक तो सगळी दारे भरत गेला, जसा रोज भरायचा तसा.

"दादा!" धाकटा कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, ज्याला कापायचंय त्यालाच भरतोयस?"

दादा भानावर आला. त्याचा चेहरा मला पाहवेना. तो परत दार उचलू लागला, तेवढ्यात बाहेरून त्याची बायको किंचाळली, "अहो, थांबा! काढू नका! रोज इथून त्याचा टप दिसत नाही, तुळईच्या मागे जातो. आज वरची कड दिसतेय. खाली बसलाय तो!"

दादाने झटकन पट्टी लावली. खरेच, ओझ्याने मी झुकलो होतो. त्याने टायरांतली हवा सोडली. मी आणखी खाली आलो. तरी थोडे राहिलेच.

"वजन पाहिजे. पुढच्या बाजूला," दादा पुटपुटला. हातातली पट्टी खाली ठेवली, आणि गल्ली ओलांडून सरळ फिटरच्या समोर जाऊन उभा राहिला.

"चल. वजन पाहिजे."

"माझं?"

"तुझंच. इतके महिने माझ्या छातीवर ठेवलंयस, आता गाडीवर ठेव."

फिटरने पाना टाकला आणि डोळे पुसतच आला. तो बॉनेटवर बसला. मग सगळ्यांच्या नजरा भंगारवाल्याकडे वळल्या. "म्हणजे माझाच धंदा बुडवायला मलाच बसवता?" असे म्हणत तोही शेजारी चढला, आणि मी जमिनीला नमस्कार केल्यासारखा वाकलो. धाकटा आणि त्याची बायको दारांवर बसली. आई जिना उतरून आल्या. "मी काही हलकी नाही," म्हणत दादाच्या शेजारी बसल्या.

दादाने गीअर टाकला. मी तसूतसूने मागे सरकलो. वर कर्रर्र असा आवाज झाला. तुळईने माझ्या टपावरून आपले नख ओढले. आणि मग, मित्रांनो, ऊन! बॉनेटवर, काचेवर, सगळ्या अंगभर ऊन!

कोणी उतरेचना. आई म्हणाल्या, "आता बसलोच आहोत, तर चौकापर्यंत तरी ने."

"आधी हवा तरी भरू दे, आई!" फिटर म्हणाला आणि पंप आणायला धावला.

आता मी फिटरच्या गॅरेजाशेजारी पत्र्याखाली उभा असतो. तळमजल्यावर शिवणयंत्रांची खडखड चालते. मी परत दारे वाहतो, मध्ये पोती घालून.

मित्रांनो, मी रिकामा होतो, नटलेला होतो, ताठ होतो, तेव्हा दार असूनही मला वाट मिळाली नाही. अंगावर ओझे आले, आपली माणसे येऊन बसली, मी वाकलो, आणि त्याच दारातून बाहेर आलो. माझ्यासारखे कोणी जुने तुमच्याही घरी कापडाखाली झाकलेले असेल. त्याला तेल द्या, हवा द्या, त्याच्या वायरी उंदरांपासून जपा. पण तेवढ्याने भागत नाही हो. त्याला काम द्या. आणि ते बाहेर काढताना समोरच्या घरात जाऊन मदत मागावी लागली, तर खुशाल मागा.

आणि तो ओरखडा? परवाच रंगारी परत विचारत होता. दादाने टपावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "राहू दे रे. मला माझं माप त्याच्यावरूनच कळतं."