इंजिनाचं तोंड फिरवताना

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर रूपरावांनी पुलगावातल्या घराची वरची खोली एका खेळण्यातल्या आगगाडीला देऊन टाकली. खेळणं म्हटलं की ते चिडत. 'मॉडेल' म्हणायचं. पुलगावहून रोहण्यावरून आर्वीला जाणारी जुनी छोटी गाडी त्यांनी प्लायवूडवर उभी केली होती, आणि आता तिच्या आर्वीला टर्नटेबल बसवलं होतं. वाफेच्या इंजिनाचं तोंड परतीला फिरवायचं, तर ते गोल खड्ड्यातल्या एका पुलावर चढवायचं आणि तो पूलच फिरवायचा. खऱ्या आर्वीला असं काही होतं का, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला चहा मिळत नसे.

काम मात्र झकास झालं होतं. मधोमध सायकलच्या चाकातलं हब, आणि फिरवायला जुन्या कुलरच्या झडपा हलवणारी संथ मोटार. पुलावरच्या रुळांना खालून वीज दिलेली. सरावात इंजिन पुलावर चढे, पाव फेरा घेई आणि बाजूच्या शेडमध्ये गुमान शिरे. उद्घाटनाला मात्र पूर्ण अर्धा फेरा मारून, तोंड पुलगावकडे करून, त्याला आल्या वाटेनं परत न्यायचं असं त्यांनी ठरवलं.

उद्घाटन म्हटलं की नारळ आला. तो त्यांनी थोरल्या बहिणीच्या, जिजाबाईच्या हातात दिला. जिजाबाई रोहण्याला राही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लग्नकार्यात ती आपणहून मागे बसे.

"छाया आहे न, तिले दे," ती म्हणाली. छाया म्हणजे रूपरावांची बायको.

"काऊन? तूच फोडजो, बाई. असलं काई मानत नाई मी," रूपराव म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले, कारण खोलीत ऑफिसातले जुने सोबती आणि शेजारी जमले होते. मग विधवांना मागे ठेवणाऱ्या लोकांवर त्यांनी एक छोटंसं भाषणही ठोकलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. जिजाबाईनं दाराबाहेर नारळ फोडला, पाण्याचे थेंब बोटांनी टर्नटेबलाच्या कडेला शिंपडले आणि चक्क लाजून हसली.

इंजिन पुलावर चढलं. पूल फिरला. टाळ्या पडल्या. इंजिनानं परतीच्या रुळावर चाक ठेवलं न ठेवलं तोच 'टक्' झालं आणि सगळं बंद पडलं. रूपरावांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टक्. कुणीतरी घसा साफ केला. रूपरावांच्या तोंडून निघून गेलं,

"तुहा हात लागला, बाई, अन् सारं बिघडलं!"

जिजाबाई पदरानं कडेचे थेंब पुसायला वाकली, मग पुसणंही चुकेल असं वाटून तिनं हात आखडून घेतला.

"ओला हात म्हनून राह्यलो मी," रूपराव घाईघाईनं म्हणाले.

"हो न," जिजाबाई म्हणाली. पाहुण्यांनी खोबरं खाल्लं आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या. ती दुपारच्या बसनं रोहण्याला निघून गेली, जेवायलाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी पार वाळून गेलं, तरी टक् काही थांबेना. तेव्हा रूपराव प्लायवूडखाली आडवे झाले आणि एकेक वायर बघत गेले. पूल अर्धा फिरला की त्याचा डावा रूळ परतीच्या उजव्या रुळासमोर येत होता. प्लसला मायनस. इंजिनाची चाकं सांध्यावर आली की शॉर्ट व्हायचंच. नारळ फोडला असता काय आणि नसता काय! वीज उलटवायचा एक स्विच हवा होता, आणि जन्मभर लोकांच्या फोनच्या वायरी जोडणारा हा गडी तोच विसरला होता.

"सापडलं!" ते ओरडले. आधी आनंदच झाला त्यांना. मग पडल्यापडल्याच त्यांचे कान तापले. ओला हात? पाण्याचा विचार तर त्यांच्या मनात नंतर आला होता, सारवासारव करायला. आधी आला तो नुसता हात, जिजाबाईचा. म्हणजे ते सगळं त्यांच्यात होतंच, त्या भाषणाच्या खाली दबा धरून बसलेलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की छायानं चहाला हाक मारली तरी त्यांना तिथून बाहेर येववेना.

स्विच बसवला, इंजिन नीट परतीला लागलं, आणि ते रोहण्याला गेले. जिजाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. रूपरावांनी दोन शेंगा उचलून तिच्यापुढे ठेवल्या. ही प्लस, ही मायनस, आता बघ, अशा फिरल्या. तिनं सगळं मन लावून ऐकलं.

"म्हंजे माहा हात नवता," ती म्हणाली.

"नाई, बाई. वायरच उलटी होती. चूक माहीच. तू येजो, पुन्हा नारळ फोडू, साऱ्यांले बोलावतो."

जिजाबाईनं त्या दोन शेंगाही सोलल्या आणि दाणे सुपात टाकले.

"अन् वायर बरोबर असूनबी बिघडलं असतं त?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती थांबली होती. रूपरावांनी एक शेंग उचलली आणि खाली मान घालून सोलायला घेतली.