निरंक

बँकेच्या मुख्य कार्यालयात तिला सगळे ‘निरंकताई’ म्हणत. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे दर तीन महिन्यांनी ग्राहकांच्या तक्रारींचं विवरणपत्र जायचं, ते ती भरायची. बावीस शाखांना फोन करायचा, बावीस जण ‘निरंक’ म्हणायचे, ही ‘एकूण : निरंक’ लिहून मोकळी. एवढ्या मोठ्या बँकेत एकाचीही तक्रार नाही, याचं तिला कधी नवल वाटलं नाही. वाचकहो, आपल्याला तरी कुठे वाटतं?

त्या दिवशी ती घरी आली, तर सासूबाई आपली बोटं निरखत बसलेल्या. चाळीस वर्षं शिवणकाम करून ती गुळगुळीत झाली होती.

“पेन्शन मिळालं का, आई?”

“तुमच्या इथल्या शाखेतून चौथ्यांदा परत पाठवलं. यंत्रावर ठसा उमटत नाही म्हणे. डोळ्यांत घालायचे थेंब संपून आठवडा झाला.”

“मला सांगायचं ना, मी आणले असते.”

“माझं पेन्शन असताना तुझ्यापुढे हात का पसरू? तक्रार लिहिते म्हटलं, तर वही कपाटात आणि किल्ली शाखेच्या साहेबांकडे. तुमच्याकडे येतं ना गं सगळं? काय कळवलंय माझ्याबद्दल?”

त्याच शाखेचा फोन दुपारी झाला होता. तिने मान खाली घातली. “निरंक.”

“म्हणजे मी गेलेच नव्हते तिथे!” सासूबाईंचा आवाज चढला. “ही बोटं काम करून झिजली, चोरी करून नाही. कागदावर सगळं आलबेल दाखवलंत, तर वरच्यांना कळणार कुठून?”

तिला स्वतःचीच चीड आली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, हिने तर बावीस कोंबडी झाकली होती.

दुसऱ्या दिवशी तयार विवरणपत्र फाडून तिने पुन्हा फोन लावले. “तोंडी नको. वही बाहेर काढा. या तीन महिन्यांत ठसा उमटला नाही म्हणून किती जण परत गेले, ते लिहून पाठवा.” पहिला हसला, दुसरा चिडला. तिसरा मात्र हळूच म्हणाला, “खरं सांगू ताई? महिन्याला पाच-सहा परत जातात.” संध्याकाळपर्यंत आकडा एक्याण्णववर गेला.

मुख्य कार्यालयातले तिचे साहेब उखडले. “खाजवून खरूज कशाला काढता? वरून चौकशी येईल.”

“यावी म्हणूनच पाठवतेय. सही करणार नसाल, तर तसं लिहून द्या.”

साहेबांनी पेन उघडलं आणि सही केली.

चौकशी आली. ठसा उमटला नाही तरी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून पेन्शन द्यावं, असा आदेश निघाला. सासूबाई थेंबांची बाटली घेऊनच घरी आल्या.

मंडळी, तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं समजू नका. खोटा ‘निरंक’ लिहिणारा हात माणसालाच खोडून टाकतो. आणि पुढच्या वेळी बँकेत गेलात, तर काम नसलं तरी एवढं विचाराच, “तक्रारवही कुठे आहे?”