कातळवलीचा थर

नझीरचा जीव एका नावात अडकला होता, आणि ते नाव माणसाचं नव्हे, दगडाचं. श्रीवर्धनच्या खाली, त्याच्या कातळवली गावच्या किनाऱ्याला, काळ्या कातळाच्या पोटात त्याला शेल सापडला होता. तळ्यातला गाळ दबून झालेला, नखानं पदर सुटावेत असा राखाडी दगड, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. खाली लाव्हाचा कातळ, वरही लाव्हाचा कातळ. म्हणजे पहिला लाव्हा निवला, त्यावर तळं साचलं आणि मग दुसरा लाव्हा येऊन पसरला. थराचं वय या दोघांच्या मधलं. शास्त्राचा नियम असा, की थर जिथे उत्तम दिसतो त्या जागेचं नाव त्याला द्यायचं. कातळवली शेल! मुंबईच्या कॉलेजात हाताखालचा मास्तर असलेल्या नझीरला एवढंच हवं होतं.

पण मान्यता हवी प्रोफेसरांची. नझीरनं परोपरीनं विनवलं, "सर, अमावस्येला चला. त्या ओहोटीलाच थर उघडा पडतो."

"शास्त्र पंचांग बघून चालत नाही," म्हणे! आणि हे महाशय आगबोटीनं उतरले ते नेमके अष्टमीला. भांगाच्या दिवसांत समुद्र धड भरत नाही, धड ओसरत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण मोठ्या माणसाला सांगायचं कुणी?

थर पाण्याखाली. वर नुसता खाडीचा चिखल. प्रोफेसरांनी तो छडीनं ढवळला आणि म्हणाले, "हाच का तुझा शेल? कालपरवाचा चिखल आहे हा. गोगलगायीही यातल्याच. दावा मागे घे, आमची अब्रू घालवू नकोस."

नझीरचं टाळकं फिरलं. लाव्हा आणि शेलचा जोड साहेबांना जागेवरच दाखवायचा म्हणून त्यानं तो इतके दिवस फोडला नव्हता. आता कपड्यांनिशी पाण्यात शिरला, छातीभर पाण्यात बुडी मारली आणि पहारीनं एक ढलपा उखडून वर आणला. हातातून रक्त वाहत होतं. ढलप्याच्या वरच्या अंगाला काळा लाव्हा, खाली राखाडी शेल, आणि दोहोंच्या मध्ये विटेसारखी लाल कड. तव्याच्या बाजूनं भाकरी करपावी तसा शेल लाव्हाखाली भाजून निघाला होता. चिखल कसला भाजतोय असा?

प्रोफेसरांनी तो उलटापालटा करून पाहिला. त्यांना कळलं, चांगलंच कळलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण कातळवली हे काय नाव झालं? कॉलेजला इमारत देणाऱ्या शेठजींचं नाव देऊ. निबंध मी लिहितो. शेवटी तुझेही आभार मानीन."

आभार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पहिल्याच तासाला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत, हाच नियम या गृहस्थानं शिकवला होता.

"सर, नाव जागेचं द्यायचं, आणि थर जागेवर पाहून द्यायचं. तुम्ही तो पाहिलात कुठे?"

"नोकरी टिकवायची आहे ना?"

नझीरनं शांतपणे त्यांच्या हातातला ढलपा काढून घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून समुद्रात भिरकावला.

"अमावस्येला या," तो म्हणाला. "तिथेच आहे तो."

"कॉलेजात पुन्हा पाऊल टाकू नकोस," एवढं बोलून प्रोफेसरांनी छडी पुसली आणि ते नझीरच्या घराकडे वळले. जेवण तिथेच ठरलं होतं.

वाटेत कुलसुमआपा उभी होती. घर चालायचं ते नझीरच्या पगारावर, आणि धाकट्या भावाचा पगार कसा गेला ते तिनं उभ्या उभ्या ऐकलं होतं. सकाळपासून चुलीशी बसून तिनं पाहुण्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या, सुरमई तळली होती. तिच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं.

"साहेब, आगबोट संध्याकाळची आहे," ती म्हणाली. "तोवर धक्क्यावर बसा. तिथे सावली आहे."