दोन खुणांमधलं ऑइल

मी ऑइलची पट्टी बोलतेय. गाडीचं बॉनेट उघडलंत की इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक पिवळी कडी दिसते ना, ती माझी. कडीत बोट घालून ओढलं की मी बाहेर येते, हातभर लांब, तेलकट आणि काळी. मिस्त्री लोक मला डिपस्टिक म्हणतात. बाकीचे काहीच म्हणत नाहीत, कारण मी आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. असो. तक्रार करायचंही आता जिवावर येतं.

माझ्या टोकाला दोन खुणा आहेत. ऑइल खालच्या खुणेच्या खाली जाऊ नये आणि वरच्या खुणेच्या वर चढू नये. एवढंच माझं शिक्षण. आत ऑइल जिथंवर लागतं तिथंवर मी ओली होते, पदरचं काही सांगत नाही.

सत्त्याण्णव साली आमची पांढरी छोटी गाडी खडकीत आली. मालक तात्याराव, दारूगोळा कारखान्यात परीक्षक. तयार झालेला एकेक नग गेजात घालून बघायचा, मापात बसला तर शिक्का मारायचा, नाहीतर बाजूला काढायचा. शिक्क्यावर त्यांचा नंबर असे. माल पुढे कुठंही नडला तर नंबर बघून बोलावणं यायचं. पण त्यांना नोकरीभर एकदाही तसं बोलावणं आलं नाही, आणि हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगायचे. चहा झाल्यावर पुन्हा सांगायचे.

गाडीची पहिली फेरी देहूरोडच्या बुद्धविहारात झाली. पुढच्या सीटवर चंद्रभागाबाई, मागे मुलगा समाधान. तो तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. बाई सबंध रस्ता दार घट्ट धरून बसल्या होत्या. मी इंजिनात असले तरी मला सगळं कळतं हो.

दर रविवारी सकाळी सहाला तात्याराव कारखान्याच्या क्वार्टरच्या दारात बॉनेट उघडायचे. इंजिन रात्रभर थंड, ऑइल खाली बसलेलं. मला ओढायचे, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायचे, परत पूर्ण आत घालायचे आणि मग काढून वाचायचे. पहिल्यांदा काढून वाचलेलं खरं नसतं, हे किती जणांना माहीत आहे? जाऊ दे. दोन्ही खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की ते मोठ्यानं "पास" म्हणायचे. आतून बाई विचारायच्या, की साहेबांचं इन्स्पेक्शन आटोपलं असेल तर पोहे खाणार का, का पोह्यांनाही गेज लावायचाय?

ते दिवस बरे होते. मग बाई गेल्या. वर्षभरात तात्याराव रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. तोवर समाधान हिंजवडीला लागला होता, लग्न झालं होतं, सूस रोडला टेकडीच्या अंगावर आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. समाधान कंपनीच्या बसनं जायचा. सूनबाई निकिता हिंजवडीतच, पण दुसऱ्या कंपनीत. ती आमची गाडी न्यायची.

त्या घरात तात्यारावांना काम उरलं नाही. दूध दाराशी यायचं, विजेचं बिल कॉम्प्युटरवर भरलं जायचं. काही करायला गेले की समाधान म्हणायचा, बाबा, तुम्ही आराम करा. आराम करून करून माणूस किती दमतो, ते मी जवळून पाहिलंय. त्यांच्या हातात राहिले मी एकटी. रविवारचे ते रोज येऊ लागले. निकिता निघायच्या आधी खाली यायचे, मला बघायचे आणि वर जाऊन सांगायचे, "गाडी तपासली आहे. जा बिनघोर." तीही कधी हसली नाही. खरंच बिनघोर जायची.

आता ती चूक सांगते. सांगताना मलाच लाज वाटते.

पुढे सोसायटीनं आमची सपाटीची जागा बदलली, आणि नवी मिळाली ती चढावर. गाडीचं तोंड वर, मागच्या चाकाला दगड. तोंड वर झालं की ऑइल मागे सरकतं, आणि मी तर पुढच्या अंगाला. मला ऑइल लागणार कसं? ऑइल पुरेसं होतं, महिन्यापूर्वीच बदललं होतं, पण मी जेमतेम टोकाला ओली व्हायचे. गाडी सपाटीला असली पाहिजे हा पहिला नियम तात्याराव विसरले नव्हते. खडकीची जमीन इतकी सपाट, की तो नियम त्यांना कधी वापरावाच लागला नव्हता.

त्यांनी मला पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! मग नरसाळं आणून अगदी बेतानं थोडं ओतलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा पाहिलं. तरी कमी. घाई न करता चार सकाळी थोडं थोडं करत लिटरभर ओतलं. पद्धत इतकी बिनचूक की बोट ठेवायला जागा नाही. पाचव्या दिवशी ऑइल दोन खुणांच्या मध्ये आलं आणि ते "पास" म्हणाले. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्याच दिवशी भर हायवेवर गाडीनं मागून निळा धूर सोडला. मागचे हॉर्नवर हॉर्न मारतायत आणि निकिता बिचारी एकटी, गाडी कडेला घेऊन उभी. घाबरून रडली पोरगी.

गाडी दोरीनं ओढत खडकीला रतन मिस्त्रीकडे नेली. रतन तात्यारावांचा वीस वर्षांचा दोस्त, ऑइल त्यानंच बदललेलं. शनिवारी घरचे तिघंही गॅरेजात गेले. रतननं सपाट फरशीवर मला बाहेर काढलं. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर.

समाधान भडकलाच. ऑइल बदलता तुम्ही, मोजता येत नाही का, माझी बायको रस्त्यात अडकली, असं बरंच बोलला. रतननं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की गाडी लावता कुठं? निकितानं सांगितलं, आमच्या रॅम्पवर, चढाला.

रतनला कळलं. तात्यारावांनाही कळलं, त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. रतननं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"माझ्याच हातनं जास्त पडलं, साहेब," तो समाधानला म्हणाला. "चुकलं माझं."

यापुढे गाडी इथं येणार नाही, असं म्हणून समाधान वळला. तात्याराव गप्प राहिले असते तर विषय तिथंच संपला असता. सकाळी सहाला खाली यायचं, मला बघायचं, निकिताला बिनघोर पाठवायचं, सगळं तसंच चालू राहिलं असतं. हे त्यांनाही कळत होतं. ते खुर्चीचा हात धरून उठले.

"समाधान, थांब. रतनचा काही दोष नाही. ऑइल मी ओतलं, चार वेळा. गाडी चढाला आहे हे मी पाहिलं नाही."

समाधान ओरडला असता तर बरं झालं असतं. तो मऊपणानं म्हणाला, "असू दे हो बाबा, वयानं होतं असं. उद्यापासून तुम्ही नका त्रास घेऊ." तात्याराव कुणाकडेच न बघता म्हणाले, की चुकणारा गेज आमच्या कारखान्यात वापरात ठेवत नसत.

याला आता तीन वर्षं झाली. गाडी वर्षातून एकदा मोठ्या सर्व्हिस सेंटरला जाते. मला बाहेर काढल्याला अकरा महिने झाले. तात्याराव अजूनही सहाला उठून खाली येतात, माझ्यासमोरून चालत जातात आणि थांबत नाहीत. एकदा थांबले होते. बॉनेटवर हात ठेवला, मग इकडेतिकडे बघून काढून घेतला.

निकिता, मी थकले आहे, फार बोलणार नाही. एखाद्या सकाळी गाडी गेटाबाहेर सपाट रस्त्यावर घे, जरा वेळ थांब, बॉनेट उघड. मग त्यांना हाक मार आणि म्हण, "बाबा, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा." तुला कळतं, मला ठाऊक आहे. तरी म्हण. मी कुणाला सांगणार नाही.