उसनं रक्त

कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणत, आणि अंगावर तर मांसाचा पत्ता नव्हता. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि त्याचे ठोकळे ओतायचे, हा तिथला धंदा. पैलवान भट्टीवर होता. तोंडाला सारखी गंजलेल्या खिळ्याची चव, पोटात मुरडा, जिना चढताना धाप. 'वय झालं,' अशी त्यानं स्वतःची समजूत काढली होती. चाळिशीत कसलं आलंय वय! पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

रक्ततपासणी आली की सगळ्यांचे धाबे दणाणत. ज्याच्या रक्तात शिसं जास्त, त्याला भट्टीवरून काढून फाटकाशी झाडू हातात देत, पगारही निम्मा. त्यावर कामगारांनी एक रीत काढली होती: रक्त उसनं आणायचं. गल्लीतल्या लॅबमध्ये बिल्ल्यावरचा नंबर तेवढा बघत, तोंड कोण बघतो? कुणी मेव्हण्याला पाठवी, कुणी पुतण्याला. मुकादमाला हे ठाऊक होतं, पण त्याला भट्टी पेटती राहण्याशी मतलब.

पैलवानाला ना मेव्हणा, ना पुतण्या.

"मी जाते की," बायको म्हणाली. "रक्ताला काय मिशा असतात?"

"अगं, तू आत्ताच कुठे तापातून उठलीस."

"ताप काय, येतो नि जातो. मी थोडंच शिसं खाल्लंय?"

तिचं खरंच काही ना काही चालू असे. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. भाजी चिरताना कापलेलं बोट चिघळलं होतं, ते अजून भरत नव्हतं. शेजारणी 'नाजूक नार' म्हणून चिडवत. पण शिशाशी तिचा काय संबंध? बिल्ला मुठीत धरून ती गेली आणि हसतच परतली. लॅबवाल्या मुलीनं मान वर केली नाही म्हणे.

पैलवानाच्या जिवाला मात्र घोर लागला. रक्त बाईचं आहे हे कळत असेल का? कळलं तर नोकरी गेलीच. मुकादमानं नुसती हाक मारली तरी तो दचके. बायको त्यालाच धीर देई, "अहो, चोरी केलीय का आपण?" केली होतीच की.

शेवटी बोलावणं आलं. ऑफिसमागच्या खोलीत कारखान्याच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

"बसा. रक्तात शिसं खूप आहे."

"माझ्या?"

"मग काय माझ्या? लाल पेशी धड तयारच होत नाहीयेत. फिकट आहेत, त्यांच्यावर ठिपके पडलेत. पांढऱ्या पेशींचंही बरं दिसत नाही. शरीराची राखण करायची त्यांनी, त्याच अशा झाल्या तर आजार पाठ सोडत नाहीत. सारखा ताप येतो? जखमा लवकर भरत नाहीत?"

"नाही भरत," तो म्हणाला. डोळ्यांपुढे बायकोचं ते बोट आलं.

"घाबरू नका. उद्यापासून भट्टीकडे फिरकायचं नाही. शिशापासून लांब राहिलात की शरीर हळूहळू सावरेल."

गप्प बसला असता तर निदान झाडू तरी हातात राहिला असता. लबाडी कबूल केली की तोही जाणार. त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली, आणि ती नोकरीची नव्हती.

"बाई, ते रक्त माझं नाही. माझ्या बायकोचं आहे."

"त्या कुठल्या खात्यात आहेत?"

"तिनं कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शिशाच्या धुळीनं राखाडी झालेल्या त्याच्या बाहीकडे त्या बघत राहिल्या.

"हे कपडे घरी कोण धुतं?"

पैलवान उठला. तिथेच त्यांच्यासमोर तो शर्टाची बटणं काढू लागला.