येसाक्काचा डावा हात

आमच्या घरात देवापेक्षा येसाक्काचं नाव जास्त घेतलं जातं. येसाक्का कुणी नात्यातली बाई नव्हे. एका जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातली ती खानावळवाली. सिनेमाचं नाव सासूबाईंना ठाऊक नाही, नायक-नायिका लक्षात नाहीत, गाणी तर साफ विसरल्या. लक्षात राहिली ती ही एकटी बाई आणि तिचा डावा हात.

सासूबाईंचं नाव सुलाबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. त्या जन्माच्या डावखुऱ्या. माहेर आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. मेंढरांमागे हिंडताना काठी कुठल्या हातात आहे हे कोण बघतो? पण कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन त्या कुंडलला आल्या, आणि त्यांच्या सासूने पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारून घेतला. डाव्या हातानं वाढलेलं पाव्हण्यांच्या ताटात? शिव शिव! उजव्या हातानं वाढायला जावं तर आमटी ताटाबाहेर. शेवटी त्यांना वाढायचीच बंदी झाली. सगळा स्वयंपाक यांनी रांधायचा आणि पंगत बसली की यांनी चुलीपाशी तोंड लपवून बसायचं. रांधलेल्या बाईला स्वतःच्या हातानं वाढता येऊ नये, यापरता अपमान नाही. हे मला आत्तींनी कधी सांगितलं नाही, मीच बाई आहे म्हणून सांगते.

पुढचं मात्र त्या स्वतः सांगतात, आणि ऐकणाऱ्याला उठू देत नाहीत.

“त्या वर्साला जत्रंत शिनिमाचा तंबू आला. आमी साऱ्या बाया गेलो. त्यात ही येसाक्का. खानावळ चालवती, नवरा न्हाई, मागं-म्होरं कोन न्हाई. तिच्याकडं गावचा पाटील जेवाया येतो आन ताटाला नावं ठिवतो. तर ही कशी? पळी उचलली डाव्या हातात, आन म्हनली, जेवायचं आसंल तर गप जेव, न्हाईतर ताट सोडून ऊठ! डाव्या हातानं, बरं का! आन तो पाटील मान खाली घालून जेवला की गं!”

दुसऱ्या दिवशी घरी जत्रेचं जेवण होतं. पंगत बसली. आत्ती चुलीपासून उठल्या, रश्श्याचं भगुलं कमरेवर घेतलं, पळी डाव्या हातात धरली आणि भर पंगतीत येऊन उभ्या राहिल्या. सासू ओरडली. आत्ती म्हणाल्या, “शिनिमात अख्खी पंगत जेवती, तुमचं पाव्हनं काय आभाळातनं पडल्यात?” कुणी हलेना. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, तात्याबांनी, आपलं ताट पुढं सरकवलं. मग एकेक करत सगळे जेवले. त्या दिवसापासून आत्तींच्या हातचं कुणी नाकारलं नाही.

आता गोष्ट चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण चांगली गोष्टसुद्धा किती वेळा ऐकायची? आम्ही साताऱ्याला राहतो. मल्हार, म्हणजे आमचे हे, फौजेतून निवृत्त होऊन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटीला आहेत आणि मी सरकारी कचेरीत. कचेरीतल्या साहेबाबद्दल मी घरी कुरकुर केली की आत्ती म्हणणार, “येसाक्का आसती तर टेबलावरनं उठिवला आसता त्याला.” भाजी खारट झाली तरी येसाक्का, भाडेकरू भांडला तरी येसाक्का. एकदा मी वैतागून म्हटलं, “आत्ती, ती सिनेमातली बाई. तिला जसं सांगितलं तसं तिनं केलं. त्यात तिचं काय कौतुक?” झालं. दोन दिवस आत्ती माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि माझ्या हातचा चहा तेवढा मुकाट्यानं घेत राहिल्या.

यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. त्यासाठी दोघं म्हातारा-म्हातारी आमच्याकडे येऊन राहिली. पट्ट्या निघाल्या, चष्मा आला, आणि आत्ती माझा चेहरा निरखून म्हणाल्या, “पल्लवे, तू म्हातारी झालीस की गं.” मी म्हटलं, “डोळे सुधारले, जीभ तशीच राहिली.” त्या हसल्या. मग एकदम गंभीर होऊन मल्हारना म्हणाल्या, “मल्हाऱ्या, आता दिसाया लागलंय तर एकदा तिला बगू दे. येसाक्काला. मग मी मरायला मोकळी.”

आई मरणाचं बोलली की फौजी माणूससुद्धा विरघळतो. मल्हारनी स्टँडजवळच्या मुजीबभाईंना गाठलं. मुजीबभाईंचं मोबाइलचं दुकान, आणि जुन्या सिनेमांचं वेड अंगात मुरलेलं. खानावळवाली आणि पाटील एवढ्या खुणेवर त्यांनी चार-आठ दिवसांत तो सिनेमा इंटरनेटवरून हुडकून काढला आणि आमच्या फोनवर पाठवून दिला. नीट आहे ना, हे बघायला मी तो दुपारी कचेरीत डबा खाताना लावला.

येसाक्का आली. नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू, आवाज खणखणीत. खरंच छान काम केलं होतं हो त्या बाईनं. पाटील आला, ताटाला नावं ठेवली. येसाक्कानं पळी उचलली.

उजव्या हातानं.

मी मागे नेऊन परत बघितलं. उजवाच. भाकरी थापताना उजवा, पैसे घेताना उजवा, डोळे पुसतानासुद्धा उजवा. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. इतकी वर्षं त्या डाव्या हाताखाली मी दबून होते. मनातल्या मनात मी संध्याकाळची वाक्यं जुळवायलासुद्धा लागले. पण घरी येऊन पाहिलं तर आत्ती नवा चष्मा पदरानं पुसत बसल्या होत्या. “मिळाला का गं शिनिमा?” म्हणाल्या, आणि माझं तोंडच उघडेना. ज्या बाईच्या जिवावर ही बाई सासूपुढं उभी राहिली, ती बाई मुळात नव्हतीच, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, म्हणजे माझे सासरे, गॅलरीत दाढी करत होते. आत्ती अंघोळीला गेल्याचं बघून मी हळूच विचारलं.

“मामा, तो तंबूतला सिनेमा तुम्हीपण बघितला होता ना? येसाक्का कुठल्या हातानं वाढत होती?”

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर फेस तसाच.

“उजव्या,” म्हणाले.

“मग आत्ती डावा का म्हणतात?”

“बायांच्या अंगानं डावाच दिसला तिला. तवा गडीमानसं पडद्याच्या म्होरल्या अंगाला बसायची, आन बाया पडद्याच्या मागं. पडदा पातळ, चित्र दोन्हीकडनं दिसायचं. पर मागनं बघनाराला समदं उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. बाकीच्या बायांचं ध्यान गान्यांत. हिचं त्या हातावर.”

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“जत्रंच्या पंगतीत ती पळी घिऊन हुबी राह्यली आन शिनिमाचं नाव काडलं, तवाच कळलं.”

“आणि तुम्ही बोलला नाही?”

“काय बोलू?” त्यांनी आरशात बघत उरलेल्या गालावर वस्तरा लावला. “आयीम्होर ती पयल्यांदा मान वर करून हुबी हुती. म्या ताट म्होरं केलं.”

मी तिथंच दाराला टेकून उभी राहिले. हा माणूस घरात बोलायचा किती, तर मीठ द्या, पेपर कुठाय. या माणसानं बायकोची एक चूक एवढी वर्षं फुलासारखी जपली होती आणि तिला कधी कळू दिली नव्हती. मला माझीच लाज वाटली.

“मग आता कसं करायचं?” मी विचारलं. “बघायचा हट्ट धरून बसल्यात.”

मामांनी तोंड पुसलं. “तुमच्या त्या फोनात चित्र उलटं करता येत न्हाई व्हय?”

येत होतं. मुजीबभाई म्हणाले, “वहिनी, आरशात बघितल्यासारखा करून देतो. त्यात काय!” मल्हारना मी सगळं सांगितलं. त्यांना फसवाफसवी पटत नव्हती, पण वडलांचा शब्द म्हटल्यावर गप्प बसले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टीव्हीला सिनेमा लावला. सुरुवातीची उलटी नावं आम्ही पुढं ढकलली. आत्ती सतरंजीवर मांडी घालून पुढंच बसल्या, मामा मागे खुर्चीत. येसाक्का आली तशी आत्तींनी चक्क पदर डोक्यावर घेतला. ओळखीचं वडीलधारं माणूस दारात आल्यावर घ्यावा तसा.

“हीच! हीच गं बया!”

पाटील आला. येसाक्कानं डाव्या हातानं पळी उचलली. आत्तींनी माझ्या मांडीवर चापट मारली. “बघ! बघितलंस? सांगत हुते का न्हाई?”

“बघितलं, आत्ती,” मी म्हटलं. मनात म्हटलं, मिटलं एकदाचं.

मिटलं कुठलं! सिनेमा संपत आला. नायक गाव सोडून निघतो, येसाक्का त्याला भाकरीचं गाठोडं द्यायला एसटीपर्यंत जाते. गाडी समोरून येऊन उभी राहिली. आत्ती एकदम म्हणाल्या, “थांबीव.”

मल्हारनी चित्र थांबवलं. आत्ती गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि टीव्हीजवळ गेल्या. त्यांना अक्षरओळख नाही. पण मल्हार फौजेत असताना आम्ही बिऱ्हाड साताऱ्याला केलं, तेव्हापासून त्या एकट्या आमच्याकडे यायच्या. स्टँडवर चार जणांना विचारण्यापेक्षा गाडीच्या पाटीचा आकारच त्यांनी पाठ करून टाकला होता. तेवढा एकच शब्द त्या वाचतात, सातारा.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

“ही साताऱ्याची पाटी हाय. पर उलटी हाय.”

मी म्हणणार होते, जुना सिनेमा, खराब झालाय. शब्द जिभेवर आलेसुद्धा. पण आत्ती मल्हारकडे बघत होत्या, आणि मल्हारना आईशी खोटं बोलता येत नाही. त्यांनी मान खाली घातली.

“पाटी उलटी, म्हंजी गाडीबी उलटी,” आत्ती हळूहळू म्हणाल्या. “मग मानसंबी उलटीच की.” आणि त्या वळल्या त्या आमच्याकडे नाही, थेट मामांकडे. “आवं, तुमी म्होरल्या अंगाला बसला हुता.”

“व्हय,” मामा म्हणाले.

“कुठला हात हुता तिचा?”

मामांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. “उजवा.”

आत्ती पुन्हा सतरंजीवर येऊन बसल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. मला वाटलं आता रडतील, निदान आम्हाला चार शिव्या तरी हासडतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या आपल्या पंजाकडे बघत राहिल्या. डाव्या. तव्याचे जुने चटके त्यावर तसेच होते.

“मला वाटायचं, आमी दोगी हाय,” म्हणाल्या.

बस्स, एवढंच. रश्श्याचं भगुलं घेऊन त्या एकट्या उभ्या आहेत, समोर सगळी पंगत हात आवरून बसलेली आहे, आणि शेजारी कुणीसुद्धा नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एवढ्या वेळा गोष्ट ऐकली, पण दिसलं नव्हतं.

“न्हाई,” मामा म्हणाले. “तू एकलीच हुतीस.”

टीव्हीवर ती उलटी गाडी तशीच उभी होती. मग आत्तींनी हाताने खूण केली. “परत लाव. पंगतीचं. सुलट कर आन लाव.”

मल्हारनी मूळचा सिनेमा लावला. पाटील बसला, ताटाला नावं ठेवली, येसाक्कानं उजव्या हातानं पळी उचलली आणि ते खणखणीत वाक्य म्हटलं. पाटलानं मान खाली घातली. आत्ती हनुवटीखाली मूठ धरून अगदी शेवटपर्यंत बघत राहिल्या, नवीन सून पहिल्यांदा वाढते तेव्हा सासवा बघतात तशा. मग नाक मुरडलं.

“हिला कुनी आडवलंच न्हवतं की,” त्या म्हणाल्या. “उजव्या हातानं काय, कुनीबी वाढतंय.”