नखभर बाळगोळी

“आगं गोजरे, सांग की बाईंस्नी! तुजीच पोरं कशी गं चिडीचूप ऱ्हात्यात?” रंभाबाईनं कोपरानं ढोसलं. “का तोंडं शिवून ठिवतीस त्येंची?”

हशा पिकला. सोलापुरातल्या गिरण्यांतल्या कामकरणींची मुलं सांभाळणाऱ्या नऊ-दहा जणी गोजरबाईच्याच खोलीत जाजमावर बसल्या होत्या. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई पंधरा दिवस त्यांना शिकवत होत्या. मुलांना न्हाऊ कसं घालावं, खेळवावं कसं, दुधाची वाटी का उकळावी. उद्या परीक्षा. पहिली येईल तिला गिरणीच्या पाळणाघरात मुख्य बाईची जागा. ती गोजरबाईचीच, हे गोजरबाईसकट सगळ्यांनी धरलं होतं. हे काम करून अकरा वर्षं झाली होती तिला. कूस उजवली नाही, पण मांडी कधी रिकामी राहिली नाही.

ती उठली. पदर खोचून म्हणाली, “आदी गानं,” आणि गायलीच:

आई गेली गिरणीला, बाळ ठेवी माझ्यापाशी
झोपंबाई, तूच ये गं, किती सांगू पापणीशी

बाईंनी ओवी वहीत उतरवून घेतली. गोजरबाईला चेव आला. कनवटीची पुरचुंडी सोडून तिनं बारीक काळी गोळी तळहातावर धरली. “आन् मग ही बाळगोळी. नखभर उगाळायची नि चाटवायची. दोपारपत्तुर पाळणा हलत न्हाय बगा.”

बाईंची पेन्सिल थांबली. “हिच्यात काय असतं, ठाऊक आहे?”

“जायफळ, वेखंड... आन् जराशी अफू. समद्याच देत्यात की.”

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाळण्यातलं निजलेलं मूल उचललं, अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि त्याची पापणी हलकेच वर केली. “अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी व्हायला हवी. ही बघा.”

“म्होरीच्या दान्याएवढी,” रंभाबाई पुटपुटली.

“अफूनं होते अशी. जास्त झाली की मूल झोपेतच श्वास घ्यायचं विसरतं.”

गोजरबाईला आठवली सुंदरम्माची राजव्वा. सात महिन्यांची. दोन वर्षांमागं शिमग्याला याच खोलीत, याच मांडीवर गेली. दृष्ट लागली, असं सगळ्या म्हणाल्या. डोळे गोजरबाईनंच मिटले होते. मिटताना दिसली होती, मोहरीएवढी बाहुली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला सुंदरम्मा आली. रिळं भरणारी, तेलगू विणकराघरची. खांद्यावर चार महिन्यांचा मुलगा पेंगत होता.

“गोजरक्का, आज ह्याला जरा निजव. रातभर वरडलाय ह्यो.”

हळू सांगायचं, हात धरून सांगायचं, असं गोजरबाईनं रात्रभर घोकलं होतं. तोंडातून भलतंच धाडकन निघालं. “सुंदरम्मा, तुजी राजव्वा दिष्टीनं न्हाय गेली. माज्या गोळीनं गेली.”

सुंदरम्मा म्हणाली, “तू... देत हुतीस?”

“रोज.”

“मी बी.”

“आं?”

“घरनंच चाटवून आणत हुते. रडकं पोर तू ठिवून घेणार न्हाईस, म्हून. सांगायची लाज वाटली.”

“आन् मी तुला न्हाय सांगितलं गं. हाताला गुण हाय गोजरच्या, म्हणायच्या समद्या. मलाबी ग्वाड लागायचं.”

दुसरा भोंगा झाला. सुंदरम्मानं मुलाला छातीशी आवळलं आणि मागं सरत सरत दारापर्यंत गेली. दाराबाहेर मूल ठेवायला तिला दुसरं कुणी नव्हतं. ती तिथंच उभी राहिली. मग परत आली, मूल गोजरबाईच्या मांडीवर ठेवलं.

“पहाटं चाटवलीया ह्याला,” ती म्हणाली. “निजू दिऊ नगंस.”

आणि पळाली.

रंभाबाई परीक्षेला न्यायला आली तेव्हा गोजरबाई मुलाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. मान कलली की तळपायाला टिचकी मारत होती.

“चल की गं! बाई खोळंबल्यात.”

“बाईंस्नीच हिकडं बोलीव. पळ!”

दुपारच्या सुट्टीत सुंदरम्मा धावत आली. केसांत कापूस तसाच. पायरीपाशी पोचली तो आतून तिच्या मुलाचं भोकाड ऐकू आलं. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. आत जायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.